हात पाठीमागे

माझी भाची ब्रिस्बेनला जे शिकते, त्याला मराठीत काय म्हणावं हे मला अजून नीट सुचलेलं नाही. इंग्रजीत क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजी. बेळगावात कुणी विचारलं की आमच्या नात्यातल्या बायका दोनच पर्याय पुढे करतात, "म्हणजे फिजिओ का?" नाहीतर "म्हणजे जिममध्ये शिकवणार का पोरगी?" दोन्ही नाही म्हटलं की चेहरे पडतात. चार वर्षांची पदवी घेऊन माणसांना चालायला आणि खुर्चीतून उठायला शिकवायचं, यात शिकण्यासारखं काय आहे, असा भाव त्यांच्या तोंडावर उमटतो.

गेल्या वर्षी जूनपासून चार महिने मी अण्णाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, राहायला होते. आईला सोबत घेऊन गेले होते. नेमकं त्याच काळात भाचीचं प्लेसमेंट चालू होतं, त्यामुळे हे शिक्षण मला पुस्तकातून नाही, रोजच्या जेवणाच्या टेबलावरून कळलं.

फिजिओथेरपिस्ट बहुधा दुखापतीच्या किंवा ऑपरेशनच्या लगेच मागे उभा असतो. या लोकांचं काम त्यापुढचं, लांब पल्ल्याचं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, मधुमेहाचा, कॅन्सरचे उपचार संपलेला, गुडघे धरलेला, श्वासाच्या विकाराचा, नैराश्याने घरात बसलेला, असा माणूस त्यांच्याकडे येतो आणि ते त्याला व्यायाम औषधासारखा मोजून देतात. किती मिनिटं, किती जोर, आठवड्यातून किती वेळा, आणि कोणती खूण दिसली की ताबडतोब थांबायचं. ऑस्ट्रेलियात 2006 पासून सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, अशा तज्ज्ञांच्या भेटींनाही पैसे देतो. घरच्या डॉक्टरांनी दीर्घ आजाराचा आराखडा करून दिला, तर वर्षात पाच भेटी. त्या पाचही सगळ्यांत मिळून. पायाच्या तज्ज्ञाकडे दोनदा आणि आहारतज्ज्ञाकडे एकदा गेलात की व्यायामाला उरल्या दोन. हा हिशोब ऐकल्यावर अण्णा म्हणाला, "दोन भेटीत काय होणार? आमच्याकडे नळ दुरुस्त करायला माणूस तीनदा येतो."

व्यायामाची ही विद्या कुठून सुरू झाली हे मी भाचीला विचारलं, तर तिने मला लंडनच्या बसमध्ये नेलं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 मध्ये एक अभ्यास छापला होता. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करून तिकिटं फाडणारे. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी सापडला. मला आपल्या लाल बसमधले कंडक्टर आठवले. खचाखच भरलेल्या गाडीत पुढून मागे, मागून पुढे, कडेवरच्या पोरांच्या डोक्यावरून हात लांबवत. त्यांच्या प्रकृतीचा अभ्यास कुणी केला असेल का कोण जाणे.

तर प्लेसमेंट. तिथल्या व्यावसायिक संघटनेची मान्यता हवी असेल तर नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. आधी सर्वसाधारण निरोगी माणसांबरोबर 140 तास, मग आजार असलेल्या माणसांबरोबर 360 तास. एकूण 500. प्रत्येक तास वहीत चढवायचा, त्याखाली सुपरवायझरची सही घ्यायची. बसचा प्रवास धरायचा नाही, जेवणाची सुट्टी धरायची नाही. पेशंट आलाच नाही तर तुझं नशीब. संध्याकाळी दार उघडून आत आली की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती झालं गं?" आणि ही सांगणार, "साडेपाच, आज्जी." शेअर बाजाराचा भाव सांगावा तसं.

या तासांचे पैसे मिळत नाहीत, आणि हे मला खटकतं. भाची दोन वर्षं एका सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम करत होती, पुस्तकांचा आणि बसचा खर्च त्यातून निघायचा. प्लेसमेंट सुरू झाल्यावर संध्याकाळच्या पाळ्या सोडाव्या लागल्या. जुलै 2025 पासून तिथल्या सरकारने प्लेसमेंटच्या काळात विद्यार्थ्यांना आठवड्याला भत्ता सुरू केला, पण तो शिक्षक, नर्स, सुईण आणि समाजकार्य या चार अभ्यासक्रमांपुरता. हिच्या वर्गाचं नाव त्यात नाही. भाची आईबापाच्या घरात राहते म्हणून निभावलं. तिच्या वर्गातला एक मुलगा दिवसभर क्लिनिकमध्ये आणि रात्री गोदामात सामान चढवायचा. झोपेने डोळे मिटत असताना दुसऱ्याचा रक्तदाब मोजायचा. आजारी माणसाची सुरक्षितता हा या अभ्यासाचा पहिला धडा, आणि तो शिकवण्याची व्यवस्था मात्र अशी.

घरी सराव चालायचा तो आईवर. आई 78 वर्षांची. मधुमेह, उजवा गुडघा, आणि दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या घरात न्हाणीत पडून मनगट मोडलेलं. सरावाला याहून चांगलं माणूस कुठे मिळणार? पण घरच्या माणसावर केलेले तास वहीत चढत नाहीत, आणि विद्यार्थिनीने नातेवाइकाला उपचार द्यायचेही नाहीत. फक्त मोजमाप. बीपीचा पट्टा बाहीवर बांधायचा नाही, उघड्या दंडावर बांधायचा. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर टेकवायचा. गप्प बसणं हीच आईची अडचण. पट्टा फुगत असताना तिला शहापुरातल्या कुणाच्या तरी लग्नाची याद यायची आणि आकडा दहाने वर जायचा.

साखरेचा आकडा हा आणखी एक गोंधळ. तिकडे साखर वेगळ्या मापात मोजतात. पहिल्याच दिवशी यंत्रावर 7.2 दिसलं आणि आईचा चेहरा उतरला. आयुष्यभर एकशे तीस, एकशे चाळीस ऐकलेल्या बाईला सात म्हणजे संपलंच वाटलं. अठराने गुणायचं, हे भाचीने शिकवलं. नंतर आई दर वेळी बोटांवर गुणाकार करत बसायची.

सहा मिनिटं चालण्याची एक चाचणी असते. तीस मीटर लांब सरळ वाट, दोन टोकांना खूण, सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजायचं. घरात तेवढी जागा नाही म्हणून फुटपाथवर खडूने खुणा केल्या. या चाचणीत विद्यार्थ्याला मनाला येईल ते बोलायची मुभा नसते. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, ठरलेल्याच सुरात. छान चाललंय, एवढी मिनिटं राहिली. जास्त शाबासकी दिली तर माणूस जोर करून जास्त चालतो आणि दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. आईला हे मुळीच पटलं नाही. "एवढं चालतो मी, तर तोंड भरून शाब्बास म्हणाय काय होतंय हिला?" (आमच्याकडे बायकाही 'मी चालतो, मी येतो' म्हणतात. ब्रिस्बेनमध्ये वाढलेली भाचीही आज्जीकडून तेच शिकली आहे. पुण्याच्या माणसाने दुरुस्त करायला गेलं की दोघी मिळून हसतात.)

मग श्रमाचे आकडे. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली पट्टी, 6 पासून 20 पर्यंत. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, वीस म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. आईने लगेच विचारलं, "सहापासून का? शून्य कुठं गेलं?" तर आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात, या हिशोबाने ती पट्टी बांधली आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी श्रम करूनही ठोके वाढत नाहीत. अशा वेळी यंत्रावर विसंबून चालत नाही, माणसालाच विचारावं लागतं, तुला कितपत जड जातंय? सगळी गंमत या विचारण्यात आहे.

भाचीचं मराठी घरगुती, भाजी-पोळीपुरतं. एक दिवस फुटपाथवर तिसऱ्या फेरीला आई थांबली आणि म्हणाली, "भरून आलंय." पोरगी दचकली. कुठे भरून आलंय? आपल्याकडे पाय भरून येतात, छातीत भरून येतं, ऊर भरून येतो, आभाळही भरून येतं. पाय भरून आले तर दोन मिनिटं बसून पुढे चालता येतं. छातीत भरून आलं तर चाचणी तिथेच बंद, खुर्ची, मदतीला हाक. ऊर भरून आला असेल तर पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं. क्रियापद एकच. त्या दिवशी पायच भरून आले होते. पण रात्री भाचीने माझ्याशेजारी बसून एक यादी केली. कळ, चमक, ठणका, ओढ, शिणक, आग, मुंग्या, जडपणा. दम लागणं वेगळं, धाप लागणं वेगळं. हातपाय गळणं आणि दमणूक या तर मुळीच एक नाहीत. इंग्रजीत यातल्या बऱ्याच गोष्टींना लोक नुसतं 'टायर्ड' म्हणून मोकळे होतात, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून क्लिनिकमध्ये कुणी टायर्ड म्हटलं की ती पुढचा प्रश्न विचारायला लागली. टायर्ड म्हणजे कुठे? श्वासात, पायात, की मनात? सुपरवायझर बाईंनी वहीत त्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्या.

पण त्याच बाईंनी अर्ध्या टप्प्यावरच्या मूल्यमापनात एका ठिकाणी 'अजून जमलेलं नाही' अशी खूण केली. सुधारणा दिसली नाही तर हा टप्पा पुन्हा करावा लागेल, म्हणजे आणखी तास, आणि पदवी सहा महिने पुढे. ज्ञानात कमी नाही, वेळेवर येते, पेशंटना आवडते. कारण काय, तर ही फार मदत करते. कुणी खुर्चीतून उठायला लागलं की हिचा हात आपोआप त्याच्या काखेखाली जातो. कुणाची पिशवी उचलते, कुणाच्या बुटाची नाडी बांधते.

अण्णा भडकला. "म्हाताऱ्या माणसाला हात देणं यांच्यात गुन्हा की काय!" वहिनींनी काही न बोलता आईच्या ताटाखाली पाट सरकवला. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. आमच्या घरात वडीलधारं माणूस उठायला लागलं की खोलीतले तिघेजण उठतात. माझे आजोबा शेवटच्या दहा वर्षांत एकदाही आपले आपण खाली वाकले नसतील, चप्पलसुद्धा नातवंडं पायात सरकवायची. आम्हाला त्यात प्रेम दिसायचं, आजोबांनाही दिसायचं, आणि ते होतंच. भाची या घरातली मुलगी. तिचा हात पुढे जाणारच.

सुपरवायझर बाईंचं म्हणणं भाचीने आम्हाला एका चाचणीतून समजावलं. साधी, हात नसलेली खुर्ची. दोन्ही हात छातीवर घडी. तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तेवढे गुण. हाताने मांडीला रेटा दिला की गुण शून्य. आईच्या वयाच्या बाईला दहाच्या खाली आले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आता यात काखेखाली एक बोट जरी गेलं तर काय मोजलं? बोटाची ताकद मोजली. आणि पाचच भेटींचा तो हिशोब. पाचवी भेट संपल्यावर त्या माणसाला त्याच्या घरात, रात्री दोन वाजता, संडासच्या सीटवरून उठवायला कोण येणार आहे? बाईंनी हिला शिकवलं ते उभं राहण्याचं ठिकाण. पेशंटच्या किंचित मागे, कडेला, कमकुवत बाजूला, एक पाऊल अंतरावर, गुडघे सैल, नजर त्याच्या पायांवर. पडायला लागला तर धरता येईल इतकं जवळ, आणि तोवर हात आपल्यापाशी. हात न लावता जवळ उभं राहायचं. ते जमायला हिला पाच आठवडे लागले. पहिले काही दिवस तर ती हात पाठीमागे एकमेकांत गुंफून उभी राहायची, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. तसं उभं राहिलं तर वेळेला धरता येत नाही म्हणून तेही बंद करावं लागलं.

तरी मला त्या बाईंचं सगळं पटलं असं नाही. भाची पेशंटची नावं, गाव, धंदा काही सांगत नाही, तसा नियमच आहे. पण एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल ती एवढंच म्हणाली की ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी येतात आणि संपल्यावर निघायला तयार नसतात. मला वाटतं, अशा माणसाची नाडी बांधताना खांद्यावर पडलेला एक हात हाही त्याला आठवडाभर पुरत असेल. त्यासाठी नोंदवहीत रकाना नाही. भाचीने यावर तोड काढली. व्यायामाच्या वेळी हात लावायचा नाही. सगळं संपलं की दारापर्यंत सोबत जायचं आणि हात मिळवून निरोप द्यायचा. बाईंनी हरकत घेतली नाही.

आता आईचं. मनगट मोडल्यापासून ती जमिनीवर बसलेली नव्हती. आमच्या बस्तीत मागच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग असते, गुडघे गेलेल्यांची. आई त्या रांगेत गेली आणि तिचं पुढचं बसणं संपलं. खुर्चीत बसून माळ ओढली तरी पुण्य कमी होत नाही, हे महाराजांनीही तिला सांगितलेलं. तिला ते मान्य होतं. पण बसायचं होतं जमिनीवरच.

भाची तिला शिकवू शकत नव्हती, म्हणून आम्ही पैसे भरून एका परवानाधारक बाईंकडे गेलो, दुभाषी मी. त्यांनी पहिला अर्धा तास फक्त विचारलं. जेवता कधी? आई सूर्यास्तानंतर काही घेत नाही. ब्रिस्बेनला जून-जुलैत पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे पावणेपाचला जेवण आणि मग सकाळपर्यंत काही नाही. वर अष्टमी-चतुर्दशीचा उपवास. आणि सकाळी रिकाम्या पोटी अंगणात फेऱ्या! आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एक अशी होती की पोट रिकामं असताना साखर फार खाली उतरू शकते. बाईंनी गोळीला हात लावला नाही, तो त्यांचा अधिकारच नाही. त्यांनी डॉक्टरांना पत्र दिलं आणि फेऱ्या न्याहारीनंतर ठेवल्या. डॉक्टरांनी गोळी बदलली. उपवासाच्या दिवशी चालणं नाही, एवढं आईने कबूल केलं. घरी आल्यावर भाचीने स्वतःच्या प्रश्नांच्या कागदावर एक ओळ वाढवली, धर्मासाठी किंवा सवयीने जेवण सोडता का, म्हणून. उद्या रोजे धरणारं कुणी आलं तर तेच विचारायचं आहे.

पहिल्या दिवशी खुर्चीच्या चाचणीत आईचे गुण चार. मग उंच खुर्चीवरून सुरुवात, मग साधी खुर्ची, मग पायरीएवढं स्टूल. जमिनीवर उतरायची तर रीतच वेगळी. एक हात स्टुलावर, आधी चांगला गुडघा टेकवायचा, मग दुसरा, मग कुशीवर. गुडघ्याखाली जाड उशी. उठताना उलट. चौदाव्या आठवड्यात आई सोफ्यासमोर सतरंजीवर उतरली, माळ पुरी केली आणि उठायला लागली. अण्णा आपोआप पुढे झाला. भाची ओरडली, "पप्पा, हात नको!" आई अर्ध्यात थांबली, स्टूल धरलं, शिव्या दिल्या (कुणाला ते कळलं नाही) आणि उठली. सव्वा मिनिट लागलं. खुर्चीच्या चाचणीत तिचे गुण आता नऊ आहेत, दहा नाहीत, आणि हे ती स्वतः फोनवर सगळ्यांना सांगते.

भाचीचा तो टप्पा पास झाला. 360 पैकी 212 तास भरले. पुढचे तास टूवूंबाला, ब्रिस्बेनपासून सव्वाशे किलोमीटरवर. तिथे खोली भाड्याने घ्यावी लागणार, त्याचे पैसे अण्णाने बाजूला काढले आहेत. गोदामात काम करणाऱ्या त्या मुलालाही तिकडेच पाठवणार आहेत म्हणे. त्याची राहायची सोय अजून झालेली नाही, म्हणून वहिनी एका ओळखीच्या कुटुंबाला विचारत आहेत.

आई आणि मी ऑक्टोबरात परतलो. बस्तीत पहिल्या दिवशी ती खुर्च्यांच्या रांगेपुढे सतरंजीवर बसली, शेजारी तिचं स्टूल. उठताना चार बायका धावून आल्या. मी त्यांना थांबवत होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, कसली ही लेक म्हणून.